‘वरचे माझे’ म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका

‘काका, सप्रेम नमस्कार. लग्न होऊन पुण्यात आले त्याला २७ वर्षं झाली. बेळगावात वडगावातलं आमचं घर वडिलांनी १९८१ साली स्वतःच्या कमाईतून घेतलं. ते २०१९ मध्ये गेले. आई ७४ वर्षांची, आता माझ्याकडे असते. भाऊ उद्यमबागेत कामाला आहे, अनगोळात राहतो. धाकटी बहीण निपाणीत. घर तीन वर्षं बंद आहे, कौलं गळायला लागलीत. विकायचं असं सगळ्यांचं ठरलंय. भावानं तीन एजंट बघितले. एक आमच्या चुलत बहिणीचे यजमानच. ते म्हणतात, घरातलंच काम आहे, कागद कशाला? दुसरा म्हणतो, “साठ लाख तुमचे, वरचे माझे,” आणि वटमुखत्यारपत्र मागतो. तिसरे वयस्कर आहेत. त्यांनी भाव सांगायच्या आधी सगळे उतारे मागितले, मग ५५-५६ म्हणाले. भावाला दुसरा बरा वाटतो. आई म्हणते, काहीही करा पण भांडण नको. आम्ही कुणाला काम द्यावं?’

ताई, नमस्कार.

तिसऱ्यांना द्या. आता कारण सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण हे पत्र तुम्हाला भावाला वाचून दाखवावं लागणार आहे.

तुमच्या पत्रात तीन एजंट आहेत, पण माझं लक्ष आधी वडिलांवर गेलं. ते २०१९ मध्ये गेले, आणि त्यानंतर घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव लागलं हे तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे बहुधा अजून त्यांचंच आहे. दस्त लिहिण्याच्या कामात माझी तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक संचकाराचे, म्हणजे विसाराचे, पैसे खिशात घालून दारात उभं आहे आणि उताऱ्यावर मयत माणसाचं नाव आहे, असं किती वेळा बघितलंय त्याची मोजदाद नाही. मग वारसा लावायला धावाधाव होते, दोन-तीन महिने जातात, तोवर गिऱ्हाईक दुसरं घर बघून मोकळं होतं. तुमच्या तिसऱ्या एजंटानं किंमत सांगायच्या आधी उतारा मागितला तो याच भीतीपोटी. त्या माणसानं असे फसलेले व्यवहार जवळून बघितलेत.

तेव्हा पहिलं काम एजंटाचं नाही, तुमचं आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकमाईच्या घरात आई आणि तुम्ही तिघं भावंडं असे चौघं सारखे वारस, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मुलींची लग्नं झाली म्हणून त्यात काही कमी होत नाही. वडिलांचा मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातून) वंशावळ, मूळ खरेदीपत्र, चालू वर्षाची घरफाळ्याची पावती एवढं घेऊन महापालिकेत आणि सिटी सर्व्हे ऑफिसात दोन्हीकडं वारसा लावून घ्या. आपल्याकडं लोक एक करतात आणि दुसरं विसरतात. पालिकेच्या खात्यावर चौघांची नावं आणि सिटी सर्व्हेच्या (सिटीएस) उताऱ्यावर अजून वडील, असं झालं की गिऱ्हाइकाचा वकील तिथंच पेन खाली ठेवतो.

शिवाय ई-खाते, म्हणजे पालिकेच्या खात्याचा ऑनलाइन उतारा. ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाटकात शहरी मालमत्तेची खरेदी नोंदवायला ई-खाते लागतं. कावेरी या दस्तनोंदणीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्याशिवाय दस्त पुढं सरकत नाही. तुमचं घर तीन वर्षं बंद आहे म्हणजे हे कुणी काढलं नसणार. एजंटाला पहिल्या भेटीत नुसतं विचारा, “ई-खाते काढायचं झालं तर काय काय लागेल?” जो माणूस आत्ता या धंद्यात खरोखर आहे तो बोटावर मोजून सांगेल. जो “ते बघूया की ओ, नंतर होतंय” म्हणेल त्याचा शेवटचा व्यवहार कधी झाला असेल ते तुम्हीच ओळखा.

ईसी म्हणजे बोजाचा दाखलाही काढून ठेवा. ऑनलाइन मिळतो तो साधारण २००४ पासूनचा. तुमची खरेदी १९८१ ची आहे, त्यामुळं मागचा काळ ऑफिसात अर्ज करून काढावा लागेल. वडिलांनी घरावर कधी सोसायटीचं कर्ज काढलं होतं का, हे आईला विचारा. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरांत हे फार आढळतं. मागासाठी घेतलेलं कर्ज, माग गेला, कर्ज फिटलं, नोंद तशीच.

आणि ट्रंकेत जर १९८१ च्या आधीचा मूळ मालकाचा कागद असेल तर तो जपून काढा. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं आपल्याकडचे जुने कागद मराठीत आणि त्याहून जुने मोडीत असतात, पुढचे कन्नडमध्ये. मोडी कुणाला वाचता येत नाही म्हणून असे कागद लोकांनी रद्दीत घातलेले मी बघितलेत. एकाच घराच्या गठ्ठ्यात तीन लिप्या असतात, आणि त्यातला एक कागद जरी गहाळ झाला तरी बँकेचा वकील मालकीची साखळी तुटली म्हणतो.

आता तुमच्या भावाला आवडलेला दुसरा एजंट. त्याचा हिशेब आपण कागदावर मांडू.

तो म्हणतो, साठ तुमचे, वरचे माझे. समजा गिऱ्हाइकानं ६८ दिले. मग त्याचे झाले आठ लाख. आपल्याकडं दलाली साधारण एक ते दोन टक्के बोलतात. अशा जुन्या घराच्या व्यवहाराला कायद्यानं ठरवून दिलेला आकडा नाही, बोलून ठरतं. ६८ लाखांवर दोन टक्के धरले तरी १ लाख ३६ हजार होतात. तो आठ लाख घेणार. बरं, घेईना का, तुम्हाला साठ मिळाले ना, असं भाऊ म्हणेल. म्हणून पुढचा प्रश्न विचारा: खरेदीपत्रात किती लिहायचे? ६८ लिहिले तर ६८ तुम्ही घेतले असं सरकारदरबारी नोंद होणार आणि कर तुम्ही भरणार. ६० लिहिले तर वरचे आठ लाख रोखीत, कागदाबाहेर फिरणार, आणि त्या व्यवहारात सह्या तुमच्या आईच्या. तो माणूस कुठंच नसणार.

हेही झालं तो ६८ चं गिऱ्हाईक आणेल असं धरून. खरं होतं ते वेगळंच. साठ हा आकडा तो तुम्हाला बांधून घेण्यासाठी बोलतो. वटमुखत्यारपत्र हातात आलं, दहा-वीस हजार टोकन दिलं, की सहा महिने तुमचं घर त्याच्या खिशात. तो ते चारचौघांना ७०-७२ ला सांगत फिरणार, त्या चारचौघांच्या ओळखीचे आणखी चार. आपल्याकडं एजंटांची अशी साखळी असते आणि प्रत्येक कडीला आपला वाटा हवा असतो. व्हॉट्सअॅपवर तुमच्या घराचा एकच फोटो पाच वेगवेगळ्या किमतींनी फिरायला लागतो. दिवाळीपर्यंत गल्लीत बातमी होते की ते घर जात नाही, काहीतरी भानगड असणार. मग तोच माणूस येऊन म्हणतो, “ताई, मार्केट बसलंय ओ, बावन्नला देताय काय?” आणि तोवर तुम्हीही थकलेल्या असता.

वटमुखत्यारपत्र तर एजंटाला द्यायचंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं म्हणून मालकी मिळत नाही. म्हणजे शहाणं गिऱ्हाईक, कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक, असल्या कागदाला हात लावणार नाही. आणि मुखत्यारपत्र पैसे घेऊन दिलेलं असेल तर ते पुढं रद्द करणं सोपं नसतं. निपाणीच्या बहिणीला फेऱ्या नकोत म्हणून तिनं भावाला मुखत्यार केलं तर हरकत नाही, घरातल्या घरात आहे. तुम्हाला पुण्यातून तसं द्यायचं असेल तर तिथल्या दुय्यम निबंधकासमोर करा. नुसत्या नोटरीच्या मुखत्यारपत्रावर इथं दस्त नोंदवायला बसता येत नाही.

कागदाच्या बाबतीत मी एवढा का अडून बसतो ते सांगतो.

१९९१ साली माझ्या आत्याचं शहापुरातलं घर विकायला काढलं होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं. एजंट ओळखीचा, आमच्याच गल्लीत जेवून गेलेला. संचकारपत्र त्यानंच करून आणलं, कन्नडमध्ये. माझे वडील मराठी शाळेत चौथी शिकलेले. एजंटानं कागद मांडीवर धरला आणि मराठीत सांगत गेला: अमुक रक्कम, तीन महिन्यांत खरेदी, बाकी त्या दिवशी रोख. सांगताना त्याचा अंगठा मुदतीच्या ओळीवर होता. मी शेजारी पिशवी घेऊन उभा, वय १९. कन्नड मला वाचता येत होतं. अंगठा उचलून पान उलटताना मला ‘हन्नोंदु’ हा शब्द दिसला. हन्नोंदु म्हणजे अकरा. अकरा महिने. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात मध्ये पडायची तेव्हा आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि मला वाटलं, असेल काहीतरी दुसरं. आत्यानं सही केली. वडिलांनी साक्षीदार म्हणून केली.

लग्न तीन महिन्यांनी, पैसे अकरा महिन्यांनी. मधल्या काळात आत्यानं व्याजानं रक्कम उचलली. खरेदीच्या दिवशी त्या व्याजात घराचा चांगला वाटा गेला. तिनं मला कधी काही बोलून दाखवलं नाही, कारण मी तो शब्द वाचला होता हे तिला माहीतच नव्हतं. मी पुढं या धंद्यात आलो ते त्या एका शब्दामुळं.

म्हणून एजंट पारखायची माझी पहिली कसोटी हीच. तुमच्यापैकी कुणाला कन्नड नीट वाचता येतं का? भावाला कारखान्यात बोलण्यापुरतं येत असेल, पण दस्तातलं कन्नड वेगळं असतं. तिसऱ्या एजंटाला सांगा की कुठलाही कागद सहीला येण्याआधी आठ दिवस मसुदा हवा, आणि त्याचा मराठीत उतरवलेला मजकूर सोबत हवा. चांगला माणूस याला राग मानत नाही. तो स्वतः शेजारी बसून ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवतो. त्याचं बोट ओळीखाली आहे की ओळीवर, तेवढं बघा. आणि मग तोच कागद आपल्या ओळखीच्या, एजंटाच्या नव्हे, वकिलाकडून वाचून घ्या. एजंट, बाँड रायटर आणि वकील तिघंही एकाच माणसानं आणलेले असतील तर तुमच्या बाजूनं कुणीच नाही.

जावईबापूंचं काय, हा प्रश्न नाजूक आहे आणि तुम्ही तो पत्रात एका वाक्यात उरकलाय. पण घरात तोच मोठा होणार. नात्यातल्या माणसाला काम देऊ नये असं मी म्हणत नाही. ‘कागद कशाला’ म्हणणाऱ्याला देऊ नये, मग तो नात्यातला असो की परका. परक्या एजंटाशी कमिशनवरून वाद झाला तर वाद संपतो. जावयाशी झाला तर तो चुलत बहिणीच्या घरात, पुढच्या लग्नकार्यात, मानपानात येऊन बसतो. आईला जे भांडण नको आहे ते इथूनच यायचं. त्यांना तुम्ही नाही, भावानंही नाही, आईनं फोन करावा. सांगावं, “जावईबापू, पोरांनी सगळं कागदावर करायचं ठरवलंय, तुम्हाला घरच्या माणसाला कागदावर सही करायला लावणं मला बरं वाटत नाही. तुम्ही गिऱ्हाईक आणलंत तर आनंदच आहे, दलाली रीतसर देऊ.” यात त्यांचा मानही राहतो आणि दारही बंद होत नाही.

तिसऱ्या माणसालाही डोळे झाकून देऊ नका. त्यांनी अलीकडं ज्यांची घरं विकून दिली अशा दोन-तीन लोकांचे नंबर मागा. घेणाऱ्यांचे नकोत, विकणाऱ्यांचे. त्यांना एकच विचारा, “बोललं तेवढंच कमिशन घेतलं काय?” उत्तर यायला वेळ लागला तर तेच उत्तर. रेराची नोंदणी आहे का तेही विचारा. २०१६ च्या रेरा कायद्यानं नव्या प्रकल्पांतली घरं-प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. तुमच्यासारखं जुनं सुटं घर त्यात येत नाही, त्यामुळं नोंदणी नसली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. पण कुणी “रेरा हाय की आमचं” म्हटलं तर नंबर घ्या आणि कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर बघा. नोंदणी पाच वर्षांची असते, संपलेलीही असू शकते.

मग त्यांच्याशी एक साधा करार करा, पान-दीड पानाचा. कुठलं घर, सिटीएस नंबर काय, चौघांची नावं. मुदत तीन महिने, पुढं दोघांच्या संमतीनं वाढेल. कमिशन किती टक्के, आणि ते खरेदीपत्र नोंदवल्या दिवशी द्यायचं, संचकाराच्या दिवशी नाही. हे शेवटचं ते मान्य करत नसतील तर संचकाराला थोडा भाग द्या, पण मोठा वाटा शेवटीच ठेवा. संचकार मोडला तरी कमिशन माझंच, असं म्हणणारेही असतात. गिऱ्हाइकाकडून एजंटानं कसलीही रक्कम स्वतःच्या हातात घ्यायची नाही, सगळं थेट चौघांच्या खात्यावर. ते गिऱ्हाइकाकडूनही कमिशन घेणार असतील, आणि आपल्याकडं बहुतेक घेतातच, तर किती ते तुम्हाला आधी सांगायचं.

घराची किल्ली भावाकडंच. बघायला येणाऱ्यांना भावानं किंवा शेजारच्या काकूंनी दार उघडायचं, आणि कोण आलं ते वहीत लिहायचं. हे फार किरकोळ वाटतं, पण पुढं दोन एजंट ‘गिऱ्हाईक माझं’ म्हणून भांडायला लागले की ती वहीच कामी येते.

आता किमतीचं सांगतो. ५५-५६ खरा की ६० खरा, हे ना मला इथं बसून सांगता येईल ना त्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवून ठरवता येईल. तुमच्याच गल्लीत किंवा मागच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत कुठलं घर गेलं ते शेजाऱ्यांना विचारा. त्या खरेदीपत्राची प्रमाणित नक्कल सब रजिस्ट्रार ऑफिसातून फी भरून मिळते. सरकारी दर कावेरीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. हा दर १ ऑक्टोबर २०२३ ला सुधारलाय. आणि बँकांची कामं करणारा एखादा नोंदणीकृत व्हॅल्युअर बोलावून घराचं मूल्यांकन करून घ्या. तो अहवाल तुम्हाला पुढं कराच्या कामालाही लागणार आहे. जुन्या गल्लीत भाव नुसत्या चौरस फुटावर ठरत नाही. दारात चारचाकी येते का, शेजारची भिंत सामाईक आहे का, मागच्या परसात जायला वेगळा बोळ आहे का, यावर लाखालाखाचा फरक पडतो. जो एजंट टेप घेऊन येतो, भिंतीला हात लावून सामाईक आहे का विचारतो, परसातली गटार बघतो, त्याचा आकडा ऐकण्यासारखा.

एजंट तुम्हाला घाबरवतील तेही आत्ताच सांगून ठेवतो. “रस्ता रुंदीकरणात पुढची खोली जाणार आहे, आत्ताच द्या.” स्मार्ट सिटीपासून हे वाक्य शहरात फार चालतं. खरं असेलही, पण ते एजंटाच्या तोंडून कळून घ्यायचं नाही. महापालिकेत आणि बुडात (बेळगाव नगरविकास प्राधिकरणात) लेखी अर्ज करून विचारा. तसंच आषाढात आणि पितृपंधरवड्यात आपल्याकडं कुणी संचकार देत नाही, घर बघायलाही नको म्हणतात. त्या दिवसांत फोन आला की भाव पडलाय, तर तो भाव पडलेला नसतो, तिथी तशी असते. घर दाखवायला गणपतीनंतर नव्हे, दसऱ्याच्या तोंडावर काढा, आणि त्याआधी कौलं शेकारून घ्या. गळकं छप्पर बघून गिऱ्हाईक दुरुस्तीला लागतात त्याच्या चौपट पैसे कापून मागतं.

रोखीचं बोलणं निघणार, हे धरूनच चला. घेणाऱ्याला मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस-सरचार्ज, आणि नोंदणी फी, जी ३१ ऑगस्ट २०२५ पासून एक टक्क्याची दोन टक्के झाली. त्यामुळं ‘कागदावर कमी, बाकी हातात’ हा आग्रह वाढलाय. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, २०१५ पासूनचा नियम आहे, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. दंड घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. तुमच्या आईच्या उशाखाली दहा लाखांची रोकड ठेवून तुम्ही पुण्यात कुठल्या बँकेत जाणार आहात? पहिल्याच भेटीत एजंटाला सांगा, सगळं चेकनं किंवा आरटीजीएसनं. जो म्हणेल “मग गिऱ्हाईक मिळायचं नाही,” त्याला नमस्कार करा. कर्ज काढून घर घेणारे नोकरदार, निवृत्त फौजी, दवाखान्यांत-कॉलेजांत नोकरीला आलेली माणसं, यांना बँकेतूनच पैसे द्यायचे असतात. तुमचं गिऱ्हाईक त्यांच्यात आहे.

कराचं थोडक्यात. चौघांची मिळून रक्कम ५० लाख किंवा त्यावर गेली की घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. ५६ लाखांना घर गेलं तर एकूण ५६ हजार, प्रत्येकाचे १४ हजार, ज्याच्या त्याच्या पॅनवर. आईचं पॅन आधारला जोडलेलं आहे का ते आजच बघा. नसेल तर तिच्या हिश्शावर एक टक्क्याऐवजी २० टक्के कापले जातील. भांडवली नफ्यासाठी १९८१ ची किंमत धरत नाहीत, १ एप्रिल २००१ ची धरता येते, त्यासाठी वर म्हटलेला व्हॅल्युअरचा अहवाल. ज्याला हिश्शातून दुसरं घर घ्यायचंय त्याला सूट मिळू शकते, पण मुदती आहेत. संचकार घ्यायच्या आधी सीएकडं एकदा जाऊन या, नंतर नको.

आणि भावाशी बोलताना हे सगळं एकदम अंगावर टाकू नका. दुसरा एजंट त्याला आवडला कारण त्यानं मोठा आकडा सांगितला, आणि घराची धावपळ एवढी वर्षं तोच एकटा करतोय. त्याला दमायला झालंय. वारसा, ई-खाते यासाठी ज्या फेऱ्या होतील त्यातल्या दोन तरी तुम्ही पुण्याहून येऊन करा. आल्यावर दोघांनी मिळून तिसऱ्या एजंटाच्या घरी जा. ‘साठ’वाल्याला भावानंच नाही म्हणावं, तेही तुमच्यासमोर, म्हणजे मागाहून ‘ताईमुळं गेलं’ असं व्हायचं नाही.

आईला खरेदीच्या दिवशी सब रजिस्ट्रारसमोर फोटो आणि अंगठ्यासाठी यावं लागेल. तिला प्रवास झेपत नसेल तर सबळ कारण दाखवून अधिकारी घरी येऊन नोंदवतात अशी सोय कायद्यात आहे, फक्त आधी अर्ज करावा लागतो. पण झेपत असेल तर आणा तिला. आणि संचकारपत्राचा मसुदा आला की त्यात एक ओळ घालायला सांगा. ही ओळ बहुतेक जण विसरतात आणि ताबा देताना दारातच वाद होतो. देव्हारा, माजघरातला झोपाळा, परसातलं तुळशीवृंदावन, यातलं आईला जे हवं असेल ते नाव घेऊन लिहा: ‘लिहून देणार हे ताब्यापूर्वी घेऊन जातील.’ काय न्यायचं ते आईला आज संध्याकाळी विचारून ठेवा.